पंधरा वर्षांची कवळी

घरच्या कारभारणीस आशीर्वाद.

लिहून देतो की मी तुझा नवरा, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी पास, सध्या मुक्काम लेकाकडे. प्रकृती उत्तम आहे.

काल दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांची स्वस्त कवळी पाच वर्षे टिकते, महाग पंधरा. दोन्ही नखाने वाजवून पाहिल्या. आवाजात फरक आहे. मी स्वस्त मागितली. "वरची दहा वर्षे ती वापरणार कोण?" असे विचारले.

सून म्हणाली, "तुम्हीच, बाबा! आम्हाला कुणाला ती बसणार आहे?"

माझ्याच पैशांनी महाग घेतली.

तू रक्तदाबाची गोळी अजून अर्धी करूनच घेतेस काय? ती काटकसर आजपासून बंद कर. पंधरा वर्षे मी कोणासमोर बसून जेवावे?

वाचून दाखवले. साक्षीदार: मुलगा व सून.