कुरकुरलं की तेल

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (तुझं व्हायोलिन घरात आल्यापासून हे हात कानांवर होते, म्हणून मध्ये पत्र नाही.) वहिनींचा गुडघा कसा आहे? वहिनींना म्हणावं, औषध आपलं आपण आणा. नवऱ्याच्या भरवशावर राहू नका, तो दुसऱ्यांच्या घरी वाद्यं वाटण्यात गुंतलेला असतो. आम्ही मजेत आहोत. मजेत म्हणजे काय, ते पुढे वाचशीलच.

"निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी नाद हवा," असं म्हणून तू ह्यांच्या हाती तुझं जुनं व्हायोलिन दिलंस. नाद या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे तुझ्या लक्षात आलं नसावं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस! ह्यांच्या लेखी जगात दोनच जातीची यंत्रं : आवाज न करणारी, म्हणजे चांगली, आणि आवाज करणारी, म्हणजे बिघडलेली. अशा माणसाला तू मुद्दाम आवाज करणारं यंत्र दिलंस. धन्य आहे तुझी! पहिला सूर निघाला तेव्हा मला वाटलं, दारात मांजराची शेपटी सापडली. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, ज्याचा दिवसच लोकांच्या किंकाळ्यांत जातो, त्यानंसुद्धा खिडक्या लावून घेतल्या. हे सकाळी वाजवायचे आणि उरलेला दिवस आम्ही त्यावरून भांडायचो.

मग माझ्याच जिभेला हाड नाही. एका सकाळी बोलून गेले, एवढ्या लिफ्ट सुधारल्यात, ही एक कुरकुर तेवढी जात नाही होय? झालं! ह्यांनी हत्यारांची पेटी काढली. गजाच्या केसांवर पांढरी भुकटी दिसली. (राळेची होती म्हणे. ह्यांना वाटलं धूळ. किती वर्षं पुसलं नाही तुझ्या भावानं, असं मलाच ऐकवलं. मेहुणा ह्यांचा, भाऊ माझा, बोलणी मला.) ती पुसली आणि केसांना माझ्या शिवणयंत्राचं तेल चोळलं. अगदी मुळापासून टोकापर्यंत. तू सोबत दिलेला राळेचा खडाही वाया घालवला नाही हं. यंत्राचा पट्टा घसरत होता, त्याला घासला. घसरलं की राळ, कुरकुरलं की तेल, हा जन्माचा अनुभव. आता शिवणयंत्र असं चालतंय की विचारू नकोस. आणि व्हायोलिन? गज तारांवरून ओल्या साबणासारखा सुळ्ळकन घसरला. आवाज म्हणून नाही. "बघ, गेली कुरकुर," असं हे मोठ्या ऐटीत म्हणाले, आणि मग त्यांचंच तोंड हळूहळू उतरलं.

त्यानंतर ह्यांनी तुला फोन करून, व्हायोलिन वाजतं तरी कसं, असं साळसूदपणे विचारलं होतं, आठवतं? तू आपला रंगात येऊन सांगत सुटलास. राळेमुळे केस तारेला धरतात, तार ताणून निसटते, केस पुन्हा धरतात, ही झटापट सेकंदाला शेकडो वेळा चालते, तिचाच सूर होतो. नुसती तार कुजबुजते. खालची घोडी ते थरथरणं लाकडी पेटीला पोचवते आणि पेटी साऱ्या इमारतीला. (गजाला घोड्याचे केस, तारांखाली घोडी. मधलं गाढव कोण, ते मी लिहीत नाही.) झटापट नाही तर सूर नाही, असं तू म्हणालास, आणि ह्यांनी फोन ठेवला. केस स्पिरिटनं पुसून पाहिले. तेल मुरायचं ते मुरलं होतं.

असो. आता घरात कमालीची शांतता आहे. डॉक्टरच्या खिडक्या उघडल्या. तेव्हा कृपा करून तुझं व्हायोलिन घेऊन जा. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
(ऐकू येणं अजून शाबूत असलेली) बहीण

ता. क. ह्यांना रागावू नकोस. आधीच ओशाळले आहेत. पेटी पलंगाखाली ढकलली आहे आणि तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आणखी ता. क. खरं लिहू का? हे त्या दिवसापासून माझ्याशीही बोलत नाहीत. रागावून नव्हे; काही विचारलं की "बरं" म्हणतात. काल आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. निमूट जेवून उठले. मला भीती वाटते रे दादा. व्हायोलिन नेऊ नकोस. नवे केस लावलेला गज धाड, आणि राळेचे खडे दोन धाड, एक यंत्राला लागेल. जुना पडून होता म्हणून पाठवला, असं लिही. मी मागवला हे कळलं, तर पहिल्या सुराला मी कुठल्या तोंडानं ओरडू?