आठ मिलिमीटरचं अक्षर

मंगळवार, १२ मार्च. सकाळ.
आजपासून चिडचिड बंद. डोळ्यांच्या दवाखान्याचा प्रोग्रॅम कंपाईल झाला. पडद्यावरची अक्षरं पेशंटला वाचायला लावायची, त्यावरून चष्म्याचा नंबर. शेवटच्या ओळीतलं अक्षर बरोबर आठ मिलिमीटर हवं. माझ्या मॉनिटरवर आहे. विषय संपला.

दुपार.
विषय संपला नाही. दवाखान्यात तीन खोल्या, तीन तऱ्हेचे मॉनिटर. एकावर अक्षर अंगठ्याएवढं, दुसऱ्यावर मुंगीएवढं. डॉक्टरीणबाई म्हणजे बायकोची आत्या. त्यांना सांगितलं, माझ्याकडे व्यवस्थित चालतं. तर म्हणे, जावईबापू, मग पेशंट तुमच्या घरी पाठवू का?

बुधवार.
साहेबांनी बजावलं: शनिवारी दहाला पेशंट येणार, चुकीचे चष्मे गेले तर सोमवारी तू येऊ नकोस. ऑफिसात माझे प्रोग्रॅम तपासणारी टेस्टर बाई म्हणते, आकार कोडमध्ये कोंबू नका, प्रत्येक मॉनिटरवर मोजून सेटिंगमध्ये भरता येऊ दे. कालची पोर मला शिकवणार! अकरा वर्षं काय झक मारली? तीन खोल्यांना तीन वेगळे प्रोग्रॅम देणार. पट्टी विकत घेतली.

शुक्रवार.
स्वतः जाऊन मोजलं. तिन्हीकडे आठ. पट्टी मात्र भिकार, रेघा पुसट छापल्यात. हात लांब केला की बरं दिसतं. बायको म्हणाली, डोळे दाखवून घ्या. हिचं आपलं काहीतरीच.

शनिवार, ९.१०
रिसेप्शनिस्टवर ट्रायल. एरवी समोरच्या फुटपाथवरून बसचा नंबर वाचणारी बाई, शेवटच्या ओळीला अडली. तिन्ही खोल्यांत. रडकुंडीला येऊन विचारतेय, मी आंधळी होतेय का? आत्या माझ्याकडे बघतायत.

९.३५
आत्यांनी पट्टी हातात दिली. मोजलं. आठ. त्यांनी मोजलं. सहा. म्हटलं, पट्टी खराब आहे. त्यांनी माझ्या नाकावर एक चष्मा ठेवला.
सहा.

९.४०
बाहेर बाकं भरली. टेस्टर बाईला फोन केला. तिने सेटिंगवाला प्रोग्रॅम बुधवारीच करून ठेवलेला! लगेच पाठवला. मोजायला रिसेप्शनिस्ट. मला पट्टीला हात लावू दिला नाही.

१०.०५
सुरू झालं एकदाचं. साहेबांना कळवलं, काम झालं. टेस्टर बाईने केलं, हेही लिहिलं. जड गेलं.

संध्याकाळ.
नव्या चष्म्यातून ही वही चाळली. माझं अक्षर केवढं मोठं झालंय! पानावर सहा ओळी.