साहेबाचा शब्द अन् आमची दगडी

मार्गशीर्ष शु. ३, वलगाव
सगळ्यांत आधी आली शेजारची काशी, बोलावल्याशिवाय. तिच्यामागं कापसाचा दलाल, मग त्याचा मुनीम, अन् मग लाल तोंडाचा साहेब. इंग्रज नाही, स्पेन मुलखाचा म्हणे. तिकडं अमेरिकेत लढाई लागल्यापासून कापसापायी कोण कोण येते. मी गूळपाणी देऊन राहिली होती, तर नात रांगत ओसरीवर. आधीची दोन गेली, म्हणून हिचं नाव दगडी. माही सून गोदा तिले कोणाले दाखवत नाही. साहेबानं पाहिलं अन् म्हणे, "लिंदा." पुढं काहीतरी पुटपुटला. मुनिमाले त्याची बोली येते, त्यानं सांगितलं, "सुंदर म्हणतो, आजी." गोदानं पोर उचलली, आत गेली.

शु. ४
दगडीचं अंग तापलं. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका आला नाही. म्हणजे दृष्टच. गोदा म्हणे, "तुमीच बसवलं त्यायले."
तरी शब्द जिभेवर घोळतेच. लिंदा. नदीत पाय सोडून बसल्यावानी.

शु. ५
साहेब आमची कापसाची गंजी पाहाले आला. मी दाराआड. कापसाचं बोंड उचललं, लिंदो. बैलाले हात लावला, लिंदो. आभाळाकडं पाहूनही तेच. पोरीले तेवढं लिंदा. वांग्याचं भरीत खाल्लं तेव्हा मात्र दुसराच शब्द. मुनीम म्हणे, चवीले हा चालत नाही.
धीर करून विचारलं, तुमच्याकडं दृष्ट लागत नाही काय? लागते म्हणे. त्याची माय लेकरायच्या मनगटाले काळा दगड बांधे. अन् लेकराले लिंदा म्हटलं की मागून 'देव राखो' म्हणाच लागते, नाहीतर म्हणूच नाही.
"मग परवा काहून नाही म्हटलं?"
मुनीम खाली पाहून म्हणे, "म्हटलं होतं, आजी. माझंच सांगायचं राहिलं."
मुडदा बसो त्या मुनिमाचा.

शु. ६
ताप उतरला. पुन्हा मिरच्या टाकल्या, सारं घर खोकून राहिलं. गोदाले सारं सांगितलं. "साहेबाच्या देवाचं मले काय सांगता," म्हणे.
दुपारी पाळण्याजवळून गोदाचा आवाज, हळू. "लिंदा." मी निवडायची डाळ तशीच धरून बसली. मग मागून, "देव राखो वं माय."

शु. ७
साहेबाची मंडळी अकोल्याच्या बाजाराले गेली. विचारलं, "आल्यावर दगडीले दाखवशीन?" गोदा तीट लावून राहिली होती. "पाहू," म्हणे. तीट आज रोजच्याहून बारकी.
पौर्णिमेले परत येतो म्हणाले.