मागितला म्हणून चेंडू दिला

आदरणीय आजोबा,

माझं डोकं तुमच्या गुडघ्यांच्या खाली आहे असं समजून नमस्कार घ्यावा. (समजायचं कशाला, मी खरंच जमिनीवर पालथा पडून लिहितोय, कारण मामाच्या घरातलं एकुलतं एक टेबल मामीच्या बहिणीने मागून नेलं.) तुमचा गुडघा कसा आहे, डुकरीण व्याली का, विहिरीचं पाणी पुन्हा खारं झालं का, ते कळवावं. तुम्ही अजून रोज सकाळी स्वतः माडावर चढता असं बोटीवरच्या लोकांकडून कळलं, आणि हल्ली माडी नव्या चकचकीत भांड्यातून घेता असंही कळलं. ऐकून बरं वाटलं. भांड्याचा विषय पुढे येईल.

रेडिओवर तुम्ही माझं नाव ऐकलं असेल. नाव बरोबर सांगितलं, पण पुढे जे सांगितलं ते अर्धवट होतं, आणि अर्धवट गोष्ट आपल्या ओनोतोआ बेटावर पोचली की तिला पाय फुटतात, म्हणून पूर्ण गोष्ट मीच लिहितो.

मी तारावाला आलो तो खलाशी व्हायला, हे तुम्हाला ठाऊक आहे. खलाशांच्या शाळेत त्यांनी एक इंग्रजी कागद पुढे ठेवला, मी तो उलटा धरला, आणि मुलाखत संपली. (कागदच उलटा छापला होता असं माझं अजून म्हणणं आहे.) मग बेसिओच्या धक्क्यावर खोबऱ्याची पोती चढवायला लागलो. एक दिवस थप्पीच्या वर पोतं फेकत होतो तर खाली एक लाल झालेला गोरा माणूस तोंड उघडं टाकून उभा. तेच डगल मास्तर. न्यूझीलंडहून आपल्या देशाच्या बास्केटबॉल संघाला शिकवायला आलेले. त्यांनी माझ्या हातात चेंडू दिला आणि वरची जाळी दाखवली. पोत्यापेक्षा चेंडू हलका असतो, त्यामुळे पहिला थेट शेजारच्या चर्चच्या छपरावर गेला. मास्तर म्हणाले, ताकद आहे, नेम नंतर येईल. मला सात नंबरची बनियन मिळाली. आजोबा, खरं सांगतो, मला त्या खेळाचं काही नव्हतं. पण हा संघ पुढच्या स्पर्धेला विमानाने सामोआला जाणार होता, आणि हे सगळं पाणी संपतं तिथे काय असतं ते मला एकदा बघायचं होतं.

आता मास्तरांचं. ते राहायला आमच्या कप्तानाकडे, म्हणजे बारानिकोकडे. बारानिकोच्या सासूबाई नेई तेरेतिया यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना मानलेला मुलगा करून घेतलं. मास्तरांना वाटलं, केवढा मान. मग आम्ही त्यांना बुबुसी समजावली, की नात्यातल्या माणसाने समोर बसून, तोंडाने "बुबुसी" म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही, म्हटलं तर चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. मास्तर म्हणाले, वा, किती सुंदर रीत आहे. त्याच संध्याकाळी त्यांची टोपी गेली. दुसऱ्या दिवशी शिट्टी गेली (ती सासूबाईंनी कोंबड्या बोलवायला मागितली) आणि मास्तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकले. ती बोटं तेवढी कोणी मागितली नाहीत.

सरावात मात्र मास्तर पहिले काही दिवस आनंदाने रडायच्या बेतात होते. म्हणायचे, इतका निःस्वार्थी संघ मी जन्मात पाहिला नाही, चेंडू कोणाच्या हातात टिकतच नाही. टिकणार कसा. आम्ही सगळे एकमेकांचे मावसभाऊ, आतेभाऊ, नाहीतर साडू. एकाने मागितला की दुसऱ्याने द्यायचा, तिसऱ्याने मागितला की त्याने द्यायचा. चेंडू असा गोल गोल फिरायचा की बघणाऱ्याला भोवळ यावी. फक्त जाळीत कोणी टाकायचा नाही, कारण टाकायला हात वर केला की मागून कोणीतरी मागायचाच. बुटांचंही तेच. सराव सुरू होताना ज्याचे बूट ज्याच्या पायात असायचे ते संपताना नसायचे, आणि एकदा बारानिको दोन्ही डावे बूट घालून उजवीकडे वळायचा प्रयत्न करत होता ते बघून मास्तर खोबऱ्याच्या पोत्यांमागे जाऊन बसले.

शेवटी प्रकरण सभेच्या छपराखाली गेलं. म्हातारी मंडळी आपापल्या जागी चटयांवर बसली, मास्तरांना खांबापाशी बसवलं, आणि माश्या वारत वारत चर्चा झाली. एक आजोबा म्हणाले, "मागितलेलं द्यायचं नाही, असा हा कसला खेळ? हा खेळ की भांडण?" मास्तर म्हणाले, दोन्ही. मग निर्णय झाला की कोर्टाच्या पांढऱ्या रेघेच्या आत आपल्या संघातल्या आपल्यात बुबुसी चालणार नाही. मास्तरांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. समोरच्या संघाबद्दल मंडळी काही बोलली नाहीत. बोलणार काय, परके लोक बुबुसी कशाला करतील?

झालं, शेजारच्या बेटांची स्पर्धा बेसिओलाच भरली, आणि आपण (रेडिओने हे सांगितलं नसेल) अंतिम सामन्यापर्यंत गेलो. बूट ज्याचे त्याच्या पायात राहिल्यावर माणूस किती पळू शकतो ते तेव्हा कळलं. अंतिम सामना फिजीशी. शेवटाला आपण एका गुणाने पुढे, चेंडू माझ्या हातात, आणि मास्तर बाहेरून ओरडत होते की तोरोमोन, काही करू नकोस, नुसता धरून ठेव. आजोबा, काही न करणं मला जमतं. मी धरून ठेवला.

समोर त्यांचा एक उंच, पातळ पोरगा आला. मला वाटलं हिसकावणार. तो हिसकावायच्या ऐवजी कोर्टाच्या मधोमध मांडी घालून खाली बसला, आणि चक्क आपल्या भाषेत म्हणाला, "दादा, तू ओनोतोआचा ना?"

मी म्हटलं, "आधी खेळ, नाती मग काढ."

"माझी पणजी ओनोतोआची. नेई बाकोआ. लग्न होऊन बानाबा बेटावर गेली, तिथून आमचे लोक फिजीतल्या रांबी बेटावर गेले. मी तेबुके."

आजोबा, नेई बाकोआ म्हणजे तुमची सख्खी आत्या. जिचं नाव घेतल्याशिवाय तुम्ही अळकुडीचं आळं खणत नाही, ती. समोर वडीलधाऱ्यांचा वंश खाली बसलेला आणि मी ताडासारखा उभा, हे मला बरं दिसेना, म्हणून मीही बसलो. पंच पुस्तक चाळायला लागले. दोन खेळाडू मांडी घालून बसले तर तो कुठला गुन्हा, हे त्यात सापडेना.

"मग मी तुझा भाऊ झालो," तेबुके म्हणाला. "बुबुसी, दादा. चेंडू दे."

"अरे आत्ता नको. सामना संपू दे, मग घर माग."

"घर घेऊन काय करू? चेंडू दे."

तुम्हीच सांगा मी काय करायचं होतं. लहानपणी तुम्ही मला शंभरदा सांगितलंय की खाडीच्या मध्यावर एका चुलतभावाने तुमच्याकडे होडी मागितली, तुम्ही तिथल्या तिथे दिलीत आणि घरापर्यंत पोहत आलात. (आजी म्हणायची, मासे तरी काढून घ्यायचे होते.) मी चेंडू दोन्ही हातांनी, मान खाली घालून दिला. तेबुकेने तो घेतला, रीतसर आभार मानले, उठला आणि जाळीत टाकला.

सगळी पोरं माझ्या नावाने शहाळी फेकायला लागली. म्हाताऱ्या बायका मात्र टाळ्या वाजवत होत्या, आणि एक म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय." मास्तर कोर्टावर आडवे पडले होते आणि आभाळाशी इंग्रजीत बोलत होते.

पण मी तुमचा नातू आहे. तेबुकेने चषक डोक्यावर धरला तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन मांडी घातली. त्याचा चेहरा बघायला हवा होता. म्हणाला, "दादा, नको रे." मी म्हटलं, बुबुसी. त्याने दिला. आता फोटो कोणाचा काढायचा ते कोणाला कळेना, त्यामुळे त्यांनी पंचांचाच काढला. मास्तर उठून बसले आणि प्रथमच म्हणाले की ही रीत वाईट नाही. त्यांचं बोलणं संपायच्या आत नेई तेरेतियांनी नातीच्या पहिल्या वाढदिवसाला भाताशेजारी ठेवायला माझ्याकडून चषक मागितला. त्यांच्याकडून तो बोटीच्या मेस्त्रीने मागितला. मेस्त्री म्हणतो, पुढे कोणी मागितला ते आठवत नाही, दक्षिणेच्या बेटांवर कुठेतरी.

इकडे फिजीचा संघ तेबुकेला म्हणाला की चषक घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस, आणि त्याला मागे ठेवून निघून गेला. तो तेव्हापासून आमच्याकडे आहे. माझ्या चटईवर झोपतो, माझ्या चपला घालतो, मामीच्या हातचा नीरफणस खाऊन तिला आई म्हणतो. आणि मास्तर मला म्हणाले, "तोरोमोन, सामोआचं विमान सुटायच्या आत चषक आण. नाहीतर बनियन काढून ठेव आणि पोती उचल." बाकी सगळं क्षेम आहे. मामाचा खोकला बरा आहे. गावातल्या सगळ्यांना नमस्कार सांगावा, आणि माझ्याबद्दल कोणी वाईट बोललं तर होडीची गोष्ट सांगावी.

तुमचा नातू,
तोरोमोन

ता. क. आजोबा, ते चकचकीत भांडं. त्याला दोन कान आहेत आणि पोटावर एक माणूस उडी मारतोय ना? तोच तो. पत्रातून मागितलेलं मागणं धरत नाहीत, समोर बसून मागावं लागतं, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून मी मागत नाही. भांडं छान आहे एवढंच म्हणतो.

ता. क. दुसरा. हे पत्र तेबुके घेऊन येतोय. मी नको म्हणत होतो, पण त्याने पणजीची जमीन बघायची म्हणून पत्र पोचवायचं काम माझ्याकडे बुबुसी केलं. तो घरात शिरला की त्याला तोंड उघडू देऊ नका, नाहीतर चषक फिजीला गेला. आधी तुम्हीच बसा आणि आधी तुम्हीच मागा. काय मागायचं म्हणाल तर त्यालाच मागा. आपल्या संघातून खेळ म्हणा. तो नाही म्हणू शकणार नाही, नेई बाकोआचा पणतू आहे.

ता. क. तिसरा. (हे पेन्सिलीने लिहितोय. पेन तेबुकेला आवडलं.) वरचं सगळं रद्द समजा. पेन घेतल्यावर तो थोडा वेळ विचार करत बसला, मग त्याने माझी सात नंबरची बनियन मागितली, आणि ती अंगात घालून सरावाला गेला. मास्तर काही बोलले नाहीत, कारण त्याचा नेम चांगला आहे. आता तो ओनोतोआला येत नाही, त्याला वेळ नाही. मी मोकळाच आहे, म्हणून पत्र मीच घेऊन येतोय. लिहून झालेलं पत्र फुकट कशाला घालवा.

तेव्हा वाचून झालं की मान वर करा. समोर मांडी घालून बसलोय तो मीच. भांड्यात माडी असेल तर आधी सावकाश संपवा. मला घाई नाही, मी थांबतो.