बिनधोक तेल

॥ श्री ॥

धुळे, ता. ८-१०-८६

चि. सौ. तानू हीस तोतारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुर करतात आणि त्याहून जास्त ती.

पत्र लिहायला कारण की, दिवाळीनंतर नागपूरहून स्फोटक खात्याचे साहेब आपला रॉकेलचा डेपो तपासायला येणार आहेत. आबांच्या नावाच्या इंग्रजी अमलातल्या परवान्यावर शेडमध्ये किती पिंपं ठेवायची ते ठरलेलं आहे, आणि या खेपेला माल जास्त येऊन पडलाय. आठ पिंपं जड झालीत. तुमच्या खळ्यातली पत्र्याची खोली रिकामीच असते ना? तिथे महिनाभर ठेवीन म्हणतो.

घाबरू नकोस. पेट्रोलियमच्या कायद्यात इंग्रजांनी चौतीस सालीच तेलाचे दोन वर्ग पाडून ठेवले. पेट्रोल धोक्याचं आणि रॉकेल बिनधोक. म्हणून तर आबांनी डेपोवर 'बिनधोक तेल' अशी पाटी रंगवून घेतली. आता वर्गांची नावं बदलली, पण बारा पिंपांपर्यंत रॉकेल घरी ठेवायला त्या कायद्याने आजही परवाना लागत नाही. तुझ्या यजमानांना, वनाजीरावांना विचारून कळव. सर्वांना यथायोग्य. माया आहेच, ती राहू दे.

तुझा
तोताराम

---

॥ श्री ॥

नशिराबाद, ता. १३-१०-८६

ती. भाऊ यांस तानूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुझं पत्र पोचलं. माझे डोळे हल्ली अक्षर लागू देत नाहीत, म्हणून हे पत्र सूनबाई लिहिते आहे. मी बोलते आणि ती लिहिते. मध्येच हसते, ते मात्र लिहीत नाही.

घरच्यांची हरकत नाही. लोकांचे भाऊ भाऊबीजेला साड्या आणतात, माझा भाऊ पिंपं आणणार! साडीही आण, नाहीतर पिंपं वेशीवरून परत. तुझा कायदा मला कळत नाही. आबा पाटीखाली उभे राहून काय म्हणायचे ते मात्र आठवतं, 'बठ्ठं तेल धोकानंच शे.' सगळंच तेल धोक्याचं. लहानपणी शेडच्या आवारात कोणी नुसती काडीपेटी खुळखुळवली तरी त्यांचा हात उठायचा.

प्रमिला आता घरात चांगली रुळली. वैशाखात लग्न झालं तेव्हा तिचे वडील रुपचंद पाव्हणे वरणगावला निघताना लहान मुलासारखे रडले होते. आता अभिमन तिच्याशिवाय जेवत नाही आणि मी तिच्याशिवाय पत्र पाठवत नाही. तुझी पत्रं ती ओट्यावर बसून मोठ्याने वाचते, सगळं घर ऐकतं. तेव्हा जपून लिहीत जा. वहिनीला नमस्कार. आहे तो जिव्हाळा वाढवावा.

तुझी
तानू

---

॥ श्री ॥

धुळे, ता. ९-११-८६

चि. सौ. तानूस अनेक आशीर्वाद. भाऊबीजेला तुझ्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, चव अजून जिभेवर आहे. साहेब तपासणी करून गेले. सगळं सुरळीत झालं.

एक सांगायचं राहिलं. पिंपांमधलं तेल काढू नका. सगळा माल मोजून गिऱ्हाइकाच्या नावावर ठेवलेला आहे, एक लिटर कमी भरलं तरी मला उत्तर द्यावं लागेल. दाराशी पहिलं जे पिंप आहे त्याला तर हातच लावू नका. आठ-दहा दिवसांत मी येऊन घेऊन जातो. बाकी क्षेम. सर्वांना आशीर्वाद.

तुझा
तोताराम

---

॥ श्री ॥

नशिराबाद, ता. १३-११-८६

ती. भाऊस सा. न. वि. वि. तुझं पत्र प्रमिलाने वाचलं आणि घरात हसून हसून पुरेवाट झाली. एवढा मोठा घाऊक व्यापारी, आणि बहिणीच्या घरी राहिलेल्या तेलावर पहारा! लहानपणी माझ्या वाटची बोरं मोजून घ्यायचास, ती खोड काही गेली नाही.

रेशनच्या दुकानात पंधरा दिवस रॉकेल नाही. चुलीच्या धुराने माझे डोळे आणखी जातात. म्हणून मी मुद्दाम, तुझ्या नाकावर टिच्चून, दाराशी असलेल्या पिंपातूनच एक डबा काढायला सांगितला. कर काय करायचं ते. तुझ्या कंजूषपणासकट तुझ्यावर माझा जीव आहे, तो तसाच ठेव.

तुझी
तानू

ता. क. मामा, डबा मीच भरला. फौजदाराला कळवू नका! – प्रमिला

---

नशिराबाद, ता. १९-११-८६

भाऊ,

हे मी माझ्या हाताने लिहिते आहे, ओळी वर-खाली गेल्या तर समजून घे. परवा सकाळी प्रमिलाने चहाला स्टो पेटवला आणि एकदम भडका उडाला. दोन्ही हात, गळा, हनुवटी भाजली. अभिमनने गोधडी टाकून विझवलं, त्याचेही तळवे भाजले. जळगावच्या सरकारी दवाखान्यात तिला ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, वाचेल, पण वेळ लागेल.

ती शुद्धीवर आहे. आपण होऊन सांगते की स्टोचा भडका उडाला, कोणी काही केलं नाही. पण फौजदार म्हणाले, जळालेली प्रत्येक सून हेच सांगते, सासरच्यांनी पढवलेलं असतं. रुपचंद पाव्हण्यांनी तक्रार दिली. सुनांच्या छळाचा नवा कायदा आलाय ना, त्यात माझ्या अभिमनला धरून नेलं. हातांना पट्ट्या असलेला पोरगा कोठडीत बसलाय. गावात बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावतात.

भाऊ, तुझा जन्म तेलात गेला. रॉकेलचा असा भडका उडतो का? तू येऊन एवढंच सांग. तू सांगितलंस तर ते ऐकतील.

तानू

---

॥ श्री ॥

धुळे, ता. २३-११-८६

चि. सौ. तानूस आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझ्या वहिनीने दोन दिवस अन्न घेतलं नाही.

मला वाटतं, स्टोची पिन अडकली असेल किंवा पंप जास्त मारला गेला असेल. रॉकेल हे कायद्यानेच बिनधोक आहे, त्याला दोष देता येत नाही. मी येऊन काय सांगणार? उलट माझ्या येण्याने आणखी प्रश्न निघतील. चांगला वकील मी देतो. गनीला परवा गाडी घेऊन पाठवतो आहे. तुला तो माहीतच आहे, आबांच्या वेळेपासून डेपोत आहे. तो सगळी पिंपं घेऊन जाईल. दाराजवळचं आधी चढवू दे आणि तोवर कोणाला दाखवू नकोस. धीर धर.

तोताराम

---

नशिराबाद, ता. २७-११-८६

भाऊ,

तुझी गाडी मी रिकामी परत पाठवली, ते तुला कळलं असेल. गनीभाई दारात आला तेव्हा त्याने माझ्याकडे वर बघितलं नाही. मी त्याला पाणी दिलं. ते हातात धरून तो रडायला लागला. मग सगळं सांगितलं.

आबा पेट्रोलच्या पिंपाला तांबडा पट्टा मारायचे आणि ते पिंप जन्मात रॉकेलकडे येऊ द्यायचे नाहीत. तू डेपोसोबत पेट्रोलचा पंपही चालवायला घेतल्यापासून पिंपं एकत्र झाली, पट्टे उडाले, आणि रंगात वेळ घालवू नका असं तूच म्हणालास. भाऊबीजेच्या गडबडीत तळाशी पेट्रोल राहिलेल्या पिंपात वरून रॉकेल भरलं गेलं आणि ते माझ्या दारी आलं. तपासणीच्या वेळी पेट्रोलचं एक पिंप कमी भरलं तेव्हा तुला हे कळलं. म्हणजे ते पत्र लिहिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं! ठाऊक होतं आणि तू मला गिऱ्हाइकाची गोष्ट लिहिलीस!

आणि मी काय केलं? हसले. तुझी जिरवायची म्हणून त्याच पिंपातून डबा काढायला लावला. रात्री डोळे मिटले की मला माझंच हसू ऐकू येतं. तुझ्यावर रागावू की स्वतःवर, कळत नाही.

त्या खोलीला मी कुलूप लावलंय, किल्ली माझ्या कमरेला आहे. वकिलाने सगळं गनीभाईच्या माथी मारायचं सुचवलं, हेही तो बिचारा सांगून गेला. तसं करशील तर हे घर तुला बंद. प्रमिला दवाखान्यात रोज खरं सांगते आणि कोणी ऐकत नाही. तिचं खरं आता तुझ्या हातात आहे. ये.

तानू

---

॥ श्री ॥

धुळे, ता. ३०-११-८६

चि. सौ. तानूस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

गनी खरं बोलला. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, मी खरं का लिहिलं नाही. पोलिसांची भीती होतीच, पण ती नंतर. आधी मनात आलं की पत्र प्रमिला ओट्यावर मोठ्याने वाचणार. नव्या सुनेसमोर, वनाजीरावांसमोर मामाची शोभा होणार की याला धड पेट्रोल आणि रॉकेल ओळखता येत नाही. चार ओळी खऱ्या लिहायची लाज वाटली. येऊनच गुपचूप पिंप न्यावं असा विचार केला आणि तेही आज-उद्या करत राहिलो. त्या लाजेपायी पोर जळाली.

वकिलाला रजा दिली. परवाना जाणार, आबांचं नाव जाणार, मला आत बसावं लागणार, हे सगळं डोळ्यांपुढे आहे आणि मला भीती वाटते, ते लपवत नाही. तुझी वहिनी म्हणाली, जा. हे पत्र आजच गनीच्या हाती पाठवतो. मी उद्याच्या गाडीने जळगावला येतो आणि परभारे फौजदारांकडे जातो. तू किल्ली घेऊन खोलीपाशी थांब, मी त्यांना घेऊन येतो. ते पिंप त्यांच्यासमोर उघडू.

आज डेपोला कुलूप लावलं. लावण्याआधी शिडीवर चढून पाटीवरचं 'बिन' खरवडून काढलं. आता राहिलंय ते आबा म्हणायचे तेच.

तोताराम

---

॥ श्री ॥

नशिराबाद, ता. २२-१२-८६

ती. भाऊ यांस तानूचा नमस्कार. वि. वि. तू जामिनावर घरी पोचल्याचं वहिनीच्या पत्रातून कळलं. खटला उभा राहणार आणि डेपोचा परवाना रद्द झाला, तेही कळलं.

पिंपातलं तेल तपासून आलं आणि अभिमन सुटला. घरी आला तो थेट खळ्यात जाऊन बसला. रुपचंद पाव्हणे दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी त्याच्या भाजलेल्या हातांना हात लावला आणि दोघेही रडले. कोणी कोणाची माफी मागितली नाही, ते बरंच झालं. प्रमिलाला परवा घरी आणली. आरसा मागते. मी आज देते, उद्या देते करते.

भाऊ, मला तुझा राग आहे. तू आलास म्हणून तो निम्मा झाला, सगळा गेला नाही. संक्रांतीला ये. तिळगूळ देईन, पण गोड बोलेन की नाही ते सांगत नाही. वहिनीला नमस्कार. राग आणि लोभ दोन्ही तुझेच आहेत, सांभाळ.

तुझी
तानू

ता. क. मामा, उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, हे डाव्या हाताने लिहिते, अक्षराला हसू नका. दवाखान्यात मी रोज तेच एक सांगायची आणि सगळे मान हलवून निघून जायचे. माझे बाबासुद्धा. तुम्ही फौजदारांना सांगितलं त्या दिवशी बाबा माझ्या खाटेशी बसले आणि म्हणाले की पोरी, तू खरं बोलत होतीस. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. तुमचा राग माझ्याही मनात आहे, पण एक सांगते. यापुढे जे असेल ते खरं लिहा. कितीही वाईट असलं तरी मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचीन. – प्रमिला