घरट्याशेजारची गुढी

डीमन,
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय रुचिर,

हातानं लिहिलेलं पत्र बघून तुला वाटेल, नीळ्याचा फोन बिघडला. फोन ठीक आहे. या आठवड्यात तीनदा तुला मेसेज लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा ‘काय म्हणतोस’ एवढंच पाठवून थांबलो. तूही ‘मजेत’ म्हणालास. तू पुण्याला परत गेल्यापासून आपलं असंच चाललंय. मला त्या घरट्याबद्दल लिहायचंय. सीत्सेकाकांपुढे माझी चूक तू अंगावर घेतलीस आणि मी ती घेऊ दिली, त्याबद्दल. तू तो विषय कधी काढला नाहीस, म्हणून मीही नाही. आज काढणार आहे, पण जरा वळसा घालून येतो. सरळ यायला मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

इकडे थंडी अजून हटलेली नाही. वृंदाचं बाल्कनीतलं कढीपत्त्याचं झाड आत हॉलमध्ये आलंय आणि सोफ्यावरची तुझी जुनी जागा त्यानं पटकावली आहे. अंड्यांच्या शिकारीच्या आदल्या रात्री तू न्यूनेनच्या तुझ्या घरून शेवटच्या गाडीनं यायचास आणि त्याच सोफ्यावर झोपायचास. पहाटे पाचला चहा घेऊन निघताना वृंदा दरवर्षी एकच वाक्य बोलायची, “कसले रे तुम्ही शिकारी? एक अंडंसुद्धा घेऊन येत नाही!” आणि तू म्हणायचास, “वहिनी, आणलं तरी मी केकमधलंसुद्धा खात नाही.” ऑफिसातसुद्धा सोमवारी तू ऐटीत सांगायचास, शिकारीला गेलो होतो. काय मिळालं विचारलं की फोनमधला फोटो दाखवायचास. गवतात चार ठिपकेवाली अंडी, टोकं आतल्या बाजूला वळवून नीट मांडलेली.

हे वेड लावलं सीत्सेकाकांनी. आपल्या पहिल्या ऑफिसच्या इमारतीची सगळी देखभाल बघणारा हा उंच माणूस रिटायर होऊन उत्तरेकडच्या फ्रीसलँडमधल्या आपल्या गावी गेला आणि जाताना आपल्याला म्हणाला, तुम्ही दोघं दिवसभर स्क्रीनकडे बघता, मार्चमध्ये या, बघायचं कसं ते शिकवतो. त्यांच्या लहानपणी मोसमातलं पहिलं अंडं ज्याला सापडेल त्याचं नाव पंचक्रोशीत व्हायचं. आता अंडं उचलायला बंदी. घरटं शोधायचं, दहा पावलांवर दोन बाजूंना दोन मळकट काठ्या रोवायच्या आणि शेतकऱ्याला कळवायचं, म्हणजे गवत कापायचं यंत्र तिथून वळसा घालून जातं. काकांचा नियम एकच आणि कडक. काठी घरट्याजवळ नको, काठीला रंग नको, चिंधी नको. कावळा मूर्ख नाही, हे ते प्रत्येक वेळी सांगायचे. तू त्यांना ‘काका’ म्हणजे काय ते समजावलंस, तेव्हापासून ते फोनवर स्वतःच “काका बोलतोय” म्हणायला लागले.

तो पक्षी पहिल्यांदा दिसला तेव्हा तू ओरडलासच, “अरे, ही तर आपली टिटवी! शेंडीवाली!” मग तुझ्या तोडक्यामोडक्या डचमध्ये तू काकांना सांगितलंस, की तुझे बाबा शेतकी खात्यात असताना सासवडकडच्या माळांवर टिटवीची अंडी बघत हिंडायचे. टिटवीनं नदीच्या पात्रात अंडी घातली तर त्या वर्षी पाऊस कमी, उंचावर घातली तर भरपूर. काकांनी एवढं मन लावून माझं कधी काही ऐकलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मुद्दाम फोन करून तुला कळवलं, “यंदा उंचावर घातलीत, बाबांना सांग.” मला तेव्हा थोडा हेवा वाटला होता, आज कबूल करतो. मादी घरट्यावरून सरळ उडत नाही, आधी मान खाली घालून चोरपावलांनी दूर जाते आणि मग उडते, हे तुला पहिल्याच वर्षी दिसलं. मला चार वर्षं लागली.

आता ते सांगतो. तेवीस सालचा पाडवा बुधवारी होता. आपण रजा टाकून निघालो म्हणून वृंदा खरंच रागावली होती. वर्षातला पहिला सण आणि घरात गुढी उभारायला माणूस नाही! तरी निघताना तिनं तिच्या लाल पैठणीच्या ब्लाउजपीसमधला उरलेला जरीकाठाचा तुकडा आणि पुण्याहून आलेली साखरेची गाठी माझ्या खिशात कोंबली. म्हणाली, निदान गाडीत तरी लावा. गाडीत लावायचं राहिलं. अकराच्या सुमाराला मला घरटं सापडलं. आयुष्यातलं पहिलं, माझं मी शोधलेलं. तू काकांना बोलवायला लांब काठी टेकून चर ओलांडत होतास, मी एकटाच होतो. चार अंडी, वर निळं आभाळ, पाडवा. काठी हातात होतीच. ती मी घरट्याला चिकटून रोवली, तुकडा बांधला, वर गाठी अडकवली, फोटो काढून वृंदाला पाठवला. दोन मिनिटांत काढणार होतो. तेवढ्यात धपकन आवाज झाला आणि तू कमरेइतक्या चिखलात उभा राहून शिव्या देत होतास. काका पलीकडच्या बांधावर हसून वाकले होते. तुला ओढून काढण्यात, गाडीत हीटर लावून बसवण्यात, काकांना घाईत नुसतं नोंदीसाठी घरटं कुठे ते सांगण्यात मी ती गुढी विसरलो. समुद्रातला तो लांब बांध ओलांडून आपण अर्ध्या वाटेवर आलो, तेव्हा मला आठवलं. आणि मी गाडी वळवली नाही. तू थंडीनं कुडकुडत होतास, हे कारण मी स्वतःला दिलं.

शनिवारी काकांचा फोन तुला आला, कारण आपल्या दोघांची नोंद दरवर्षी तुझ्याच नावावर असायची. घरट्यात फक्त टरफलं होती. लाल तुकडा गवतात, गाठीचा दोरा कावळ्यांनी ओढून पार तिकडे नेलेला. तू मला नंतर सांगितलंस, की त्यांनी “हे कोणी केलं?” एवढंच विचारलं आणि तू “मी” म्हणालास. मी तुझ्यावर ओरडलो, तर तू हसून म्हणालास, “मी जूनमध्ये चाललोच आहे रे, बाबांपाशी. राग माझ्या खाती राहू दे, तुला इथं राहायचंय.” मी म्हणालो, उद्या फोन करून सांगतो. तो उद्या तीन वर्षं आला नाही.

तुझ्या निरोपाच्या दुपारी न्यूनेनच्या घरात सगळे होते. तुझ्या प्रांजलीनं काकांसाठी बिनतिखटाची बटाट्याची भाजी वेगळी काढून ठेवली होती. तू पाचपाच मिनिटांनी खिडकीशी जात होतास. साडेचारला ती भाजी तू स्वतःच डब्यात भरलीस. मी पाहिलं. त्यानंतर दोन वर्षं मार्चमध्ये मी त्यांच्या शेतात गेलो, त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायलो. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही आणि मी घेऊ दिलं नाही, कारण ते नाव निघालं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं. तुझे बाबा गेले तेव्हासुद्धा मी फोनवर तेच बोललो जे सगळे बोलतात.

गेल्या रविवारी काकांनी बोलावलं. गुडघा पूर्ण गेलाय, घर विकून शहरात मुलीजवळ राहायला जाताहेत. वस्तू वाटत होते. चर ओलांडायची त्यांच्या वडिलांची काठी त्यांनी माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, “तुझी. माझ्या शेतात तू कधी चूक केली नाहीस.” मग खण उघडून धुऊन, इस्त्री करून ठेवलेला एक लाल तुकडा काढला. म्हणाले, “हा रुचिरचा. त्यांच्या पूजेचं काहीतरी असणार, मला फेकवेना. मी फार रागावलो होतो, त्याला निरोपसुद्धा दिला नाही. तेवढा पाठवशील?” वृंदाच्या पैठणीचा काठ, रुचिर. मी तो हातात घेतला आणि सगळं सांगितलं. माझं डच तुला माहीत आहे, तरी काही सुटलं नाही. ते उठले, काठी उचलून परत दाराआड नेऊन ठेवली आणि म्हणाले, “मग ही तुझी नाही.” कॉफी मात्र ओतली. नेहमीसारखं एकच बिस्कीट दिलं. निघताना म्हणाले, “अंडी गेली, त्याचं काही नाही, त्या टिटवीनं पुन्हा घातली असतील. पण मी एका चांगल्या माणसाला खिडकीत उभं केलं.” तुझ्या निरोपाच्या दुपारच्या त्या खिडकीबद्दल त्यांना मीच सांगितलं होतं.

तू मार्चमध्ये कामासाठी आठवडाभर आइंडहोवनला येतोयस, हे प्रांजलीनं वृंदाला सांगितलं. तू मला कळवलं नाहीस, ते बरोबरच आहे. पण एकोणीस तारखेला, गुरुवारी, पाडवा आहे. काकांचं घर मार्चअखेरीपर्यंत त्यांचंच आहे. ती काठी दाराआड तुझ्यासाठी उभी आहे आणि ते म्हणालेत, मला रुचिरला दारात उभं राहून काहीतरी सांगायचंय, फोनवर नाही. त्यांचं सांगणं पोचवायला मी हे लिहिलं, आणि माझंही. तुकडा पाकिटात घातला आहे. तो कोणाचा ते आता त्यांनाही माहीत आहे, तरी ते म्हणाले, त्यालाच पाठव. माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये. सोफ्यावरून झाड मी आत्ताच उठून हलवलंय. आणि चर अजून तेवढाच रुंद आहे. या वेळी आधी मी उडी मारतो, तू बांधावर उभा राहून हस.

तुझाच,
नीळ्या