कातळ्याची आठी

मंगळवार, संध्याकाळ. कुंभवली.

संपादकबाई आज पुन्हा म्हणाल्या, नव्या कॉमिकमध्ये कातळ्याला एकदा तरी हसू दे. सहा पुस्तकं मी तो असाच काढलाय. कपाळावर आठी, मदत करायची आणि आभार मानणाऱ्यावर खेकसायचं, "तुला काय करायचाय?" वाचकांना तोच आवडतो. तरी दुपारभर वाटत राहिलं, पुसावी का ती आठी?

मग बोईसर स्टेशनवर बाबांबरोबर रिक्षात बसले. रिक्षा भरलेली आणि बाहेर तान्हं बाळ घेतलेली बाई. मी उठायच्या आत बाबा उतरले. तिला म्हणाले, "बस तू. मला डाक्टरनं चालायला सांगितलाय." तिचं तोंड उघडेपर्यंत पाठ फिरवून चालूही लागले. त्या दुखऱ्या गुडघ्यानं, एवढं अंतर!

लंगडत घरी आले तेव्हा मी विचारलं, "बाबा, डॉक्टर असं कधी म्हणाले?"

कपाळावर आठी. "तुला काय करायचाय?"

आणि यांनी माझं एकही पुस्तक वाचलेलं नाही!

गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर म्हणाले, "एवढी गरम कशाला?"

संपादकबाईंना कळवून टाकलं, कातळ्या हसणार नाही.

पिशवी अजून गुडघ्यावरच आहे.